कोपऱ्यावरच्या बंगल्यातला आखाड

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, जास्वंदीच्या बाजूला. तिथून बोललं की कोपऱ्यावरच्या खिडकीत सगळं ऐकू जातं, आणि विषय त्यांचाच आहे…

रविवारी भिशीला तुम्ही नव्हतात. सांगलीला गेला होतात ना बहिणीकडे? तरीच! नाहीतर एव्हाना तुम्हीच मला दोनदा सांगितलं असतंत. अख्ख्या कॉलनीत झालंय, दूधवाल्यानंसुद्धा मला काल विचारलं, "त्या मशीनचं खरं का ओ?" म्हटलं, तू दूध घाल.

आखाडातला शेवटचा रविवार. अमावास्या तोंडावर आलेली, पुढे महिनाभर साबुदाणा न् वरीचे तांदूळ. बायका सकाळी चहावर राहिल्या होत्या, रश्श्याला जागा ठेवून. कोल्हापुरात आखाडाला बोलावलं म्हणजे मटण, तांबडा, पांढरा. हे काय कुणाला सांगावं लागतं? आणि ग्रुपवर मेसेज काय पडला, तर 'नो ऑइल आखाड पार्टी! चिकन स्टार्टर्स, स्वीट अँड स्पायसी, ओन्ली एअर फ्रायर!' धाकट्या सुनेचा. खाली हिरवी पानं, कोंबडी, नाचणारी बाई, सगळी चित्रं.

दोन मिनिटांत वकीलवहिनींचा मला फोन. "चिकन? आखाडाला?"

म्हटलं, "नवी सून आहे, हौस असते."

"हौस असू दे हो. मागं रस्सा आहे का, तेवढं विचारा."

आता मी कशी विचारणार? मी आपलं जाताना दोन चपात्या खाऊनच गेले.

बरं, घरात आजी! तुम्हाला माहीतच आहे त्यांचं. गळ्यात माळ, वारीची माणसं. बाकीच्यांनी बुधवार-शुक्रवार-रविवार काय खायचं ते खा म्हणतात, पण त्यांच्या ओट्याला लागायचं नाही. म्हणून ते यंत्र ठेवलंय मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनशेजारी. एका परीनं बरंच झालं म्हणा, तिथं मोठ्या पिनचं सॉकेट आहे. पंधराशे वॅटचं प्रकरण ते, असंतसं नाही. बँकेतल्या काकूंच्या जावेनं तसलंच एक एक्स्टेन्शन बोर्डावर लावलं, वर मिक्सरही चालू, आणि बोर्ड असा तापला की… जाऊ दे, त्या जावेचं वेगळंच आहे, ते नंतर सांगेन.

तर काय सांगत होते? हां, आजी. त्यांचं म्हणणं एकच, आखाड तळायचा असतो. गुळाच्या कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या. एक गोड, एक तिखट, आणि लेकीकडे डबा. सून म्हणाली, "आजी, मी तेच करतेय की! एक गोड, एक तिखट. फक्त चिकनचं, आणि तेलाशिवाय." आजींनी तिच्याकडे बघितलं… काही बोलल्या नाहीत हो. नुसतं बघितलं. आणि मध्ये सासूबाई उभ्या, हातात ताट. सासूनं बघावं कुणाकडे, सांगा. पुढे सासू, मागे सून. त्या आपल्या ताट पुसत राहिल्या. कोरडंच होतं.

आम्ही सगळ्या पडवीत, यंत्राभोवती. प्रोफेसरीणबाई आल्या आणि लेक्चर सुरू! हे म्हणे फ्रायरच नव्हे. वर कॉइल, त्याच्यावर पंखा, खाली भोकाभोकांची टोपली. गरम हवा जोरात फिरते आणि पदार्थ चहूबाजूंनी कोरडा होत भाजतो. म्हणजे लहानसा ओव्हनच तो, हवा तेवढी वेगाची. फिलिप्सनं २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात आणला म्हणे, डोकं एका डच माणसाचं. त्यांना हे सगळं साल-वारासकट कसं पाठ असतं कोण जाणे. वकीलवहिनी खाली वाकल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "हेअर ड्रायरखाली कोंबडी बसवलीय की!" सगळ्या हसल्या. सून पण हसली, पण कसं… ओठांनी.

पहिला घाणा हनी-चिली लॉलीपॉप. तिनं काय केलं होतं, मध, सॉस, लाल तिखट, आलं-लसूण सगळं एकत्र कालवून लॉलीपॉप रात्रभर मुरवलेले. टोपलीत अशी खच्चून भरणी, एकावर एक, बोट शिरायला जागा नाही. आणि आकडा लावला २००. वीस मिनिटं! पुढच्या दाराशी गप्पा रंगल्या, मागे पंखा घूं घूं करतोय. आठ-दहा मिनिटं झाली असतील, बँकेतल्या काकूंनी नाक वर केलं. मग धूर. अहो, धूर म्हणजे, वॉशिंग मशीन दिसेना!

टोपली बाहेर काढली. कुणी काही बोलेना. वरचे काळेकुट्ट, खालचे ओले, गुळगुळीत, एकमेकांना चिकटलेले. वकीलवहिनींनी एक दोन बोटांत धरून मोडला, तर आत हाडापाशी गुलाबी. तो त्यांनी परत ताटलीत ठेवला… असा हळूच, पुरावा ठेवतात तसा… आणि म्हणाल्या, "छान रंग आलाय हो." छान रंग! सुनेचा चेहरा बघवेना. सासूबाईंनी लगेच सगळ्यांना सरबत विचारलं. दुसऱ्यांदा!

आणि तेवढ्यात झोपाळ्यावरून आवाज. आजी! चिकन त्यांनी पाहिलंही नव्हतं, जागेवरूनच… "पाक करपला गं. गोड आधी घातलंस व्हय?"

सगळ्या गप्प. सून पदर-बिदर नसताना पदर सावरल्यासारखी करत पुढे गेली. "हो आजी. मध."

"कापण्या कशा तळतात बघितलंयस कधी? पुरी मोठ्या आचेवर चालती. गूळ घातला की आच बारीक करायची, न्हाईतर वरनं काळं, आतनं पीठ. तुझं यंत्र कसलं का असंना, गूळ तो गूळच. आधी काय ते कोरडं शिजव. गोड शेवटाला लाव, आन् लगेच काढ."

हे कोण सांगतंय, तर ज्यांनी आयुष्यात कोंबडीला हात लावला नाही त्या! प्रोफेसरीणबाईंनी मान डोलावली. म्हणे बरोबर आहे, मधातली साखर तर उसाच्या साखरेपेक्षाही कमी आचेला जळते, दोनशेवर वीस मिनिटं ती कशी टिकणार. म्हटलं, मग मघाशी का नाही सांगितलंत? बर्लिनचं सांगत बसलात! मनात म्हटलं हो, तोंडावर कोण म्हणतंय.

तर काय सांगत होते… हां, दुसरा घाणा. पोरगी मात्र हुशार. रडली नाही, रुसली नाही. फ्रीजमध्ये अर्धे लॉलीपॉप होते, मध न लावलेले. मीठ, मिरी, आलं-लसूण आणि वरून कोरडं कॉर्नफ्लोअर. आणि टोपलीत या वेळी एकेक सुटा, मध्ये जागा ठेवून. हवा फिरायची तर तिला वाट नको? आकडा १८०. मध्ये एकदा उलटायचे. वीसेक मिनिटं तशीच, कोरडी. खालच्या भांड्यात पळीभर पाणी घातलं तिनं, चरबी गळून तापली की धूर होतो ना, तो होऊ नये म्हणून. आणि ती तुमची भाचीसून तळाला कागद घालते ना, तिला सांगा, रिकाम्या टोपलीत नुसता कागद ठेवून तापवायचं नाही. पंख्यानं उडतो आणि थेट कॉइलला चिकटतो. वर वजन असलं तरच कागद.

तोवर तिनं गॅसवर… म्हणजे आजींच्या नव्हे, बाहेरच्या सिंगल शेगडीवर… पाक केला. मध बाजूला ठेवला बरं का! आजींकडेच गूळ मागितला. शाहूपुरीतून आणलेली ढेप, आजी कुणाला हात लावू देत नाहीत तिला. सासूबाईंना विचारा किती वर्षं झाली आणि किती वेळा मिळाला तो गूळ. आणि त्या दिवशी स्वतः विळीवर चिरून दिला, वाटीभर! सासूबाईंनी ते बघितलं. बघितलं आणि ताट पुसलं.

अर्धी वाटी गूळ, दोन चमचे चिंचेचा कोळ, चमचाभर कांदा-लसूण मसाला, मीठ, थोडं पाणी. चमच्याला चिकटून राहील इतपत आटवायचं, जास्त नाही, नाहीतर गार झाल्यावर दातांना चिकटतं. लॉलीपॉप शिजले की त्यात घोळवायचे आणि परत टोपलीत दोन-तीन मिनिटं, बस्स. आणि तिनं ती सुईसारखी काडी आणलीय ना ऑनलाइन, थर्मामीटर, तीही खुपसून दाखवली सगळ्यांना. मांसात, हाडाला न टेकवता. ७४च्या वर आकडा गेला म्हणजे शिजलं. प्रोफेसरीणबाईंनी चष्मा लावून वाचला, ८१. वकीलवहिनींकडे बघूनच वाचला.

आणि काय झाले होते म्हणता! वरून चकचकीत, गोड-आंबट आणि मागून आपला मसाला जिभेला. बँकेतल्या काकूंनी पहिला घेतला. काही बोलल्या नाहीत. दुसरा घेतला. मग म्हणाल्या, "आमटीचीच चव की ही!" खरंच हो, चिंच-गुळाची आमटी कोंबडीला चढलेली. कुणाला परकं काही वाटलंच नाही. आणि रस्सा कुठाय, हे विचारायचं वकीलवहिनी विसरल्या. चार काड्या त्यांच्याच बशीत होत्या, मी मोजल्या नाहीत, दिसल्या.

आता खरी गोष्ट ऐका. जरा जवळ या.

दुसरा पदार्थ तिखटाचा होता. तंगडीचं बोनलेस, लहान लहान तुकडे. लिंबू, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, मीठ, अर्धा तास मुरवलेलं. वरून रवा आणि तांदळाचं पीठ, सुरमईला लावतात तसं. भज्यासारखं पातळ पीठ नाही चालत यात, हे तिला माहीत होतं. तेलात पीठ पडल्याबरोबर धरतं, इथं धरायच्या आत भोकांतून खाली. बरोबरच आहे. पण तेलाचा थेंब नाही! 'नो ऑइल' म्हणजे नो ऑइल. पहिले चार तुकडे चाखायला काढले तर वर पांढरं पीठ तसंच, कच्चं, घशात अडकेल असं. कोरडं पीठ नुसत्या हवेनं कसं हो तांबूस व्हायचं? आणि आपल्याकडे कोंबडी मिळते ती सोललेली. बाहेरदेशी कातडीसकट घालतात, तिची स्वतःची चरबी सुटते, तिच्यावर भागतं. आपल्या सोललेल्या तुकड्याला कुठनं येणार? वातडच होणार.

सून म्हणाली, "अजून पाच मिनिटं ठेवते," आणि सरबताचे ग्लास घेऊन पुढे गेली. मी मागे हात धुवायला गेले होते. साबण शोधत होते हो, मुद्दाम नव्हते उभी… आणि बघते तर काय! सासूबाई. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी दाराआड, मी दिसलेच नाही त्यांना. आमलेटचा ब्रश काढला, शेंगतेलाची बरणी काढली, टोपली बाहेर ओढली आणि एकेका तुकड्यावरून ब्रश फिरवला. सगळ्यांवरून! उलटे करून परत! दोन चमचे तेल गेलं असेल, त्यापलीकडे नाही. ब्रश धुतला, बरणी जागेवर, टोपली आत. आणि पदराला हात पुसत पुढे आल्या आणि मला म्हणाल्या, "साबण मिळाला का?"

मिळाला म्हटलं.

पाच-सात मिनिटांनी टोपली निघाली. अहो, तांबूस! कुरकुरीत! दातांखाली आवाज येत होता, झोपाळ्यापर्यंत. बँकेतल्या काकू म्हणाल्या, "आणि याला तेल नाही?" सून अशी ताठ उभी. "झीरो ऑइल, काकू!" टाळ्या झाल्या. प्रोफेसरीणबाईंनी लगेच हिशेब केला, अर्ध्या किलोला कढईत किती तेल पितं, इथं शून्य, आणि वीस मिनिटांना वीजही अर्धा युनिटच. कोलेस्टेरॉलवर पण बोलल्या. मी सासूबाईंकडे बघत होते. त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या. जुलै महिना वाचत होत्या बाई, सगळा.

आता तुम्ही म्हणाल, सुनेला सांगायला काय झालं होतं त्यांना? तेच तर! मला वाटतं, त्यांचं त्यांना बरोबर कळलेलं आहे. आजींनी सगळ्यांसमोर सांगितलं, ते आजींना शोभलं, वयानं. सासूनं त्याच दिवशी, त्याच पडवीत दुसरी चूक काढली असती तर? पाहुण्यांपुढे? ती पोरगी त्या यंत्राला परत हात लावती का? आणि सासूबाईंना कधी तो गूळ मिळाला नाही, हेही विसरू नका. ज्याला मिळालं नाही त्याला कळतं हो… असो. मी कशाला बोलू त्यांच्या घरातलं.

बरं, एवढं झाल्यावर आजी उठल्या. ओट्यापाशी गेल्या, कढई चढवली. "यंत्रात शेकलं तुम्ही. आखाड आजून तळायचा हाय." कणीक आधीच भिजवून ठेवली होती त्यांनी, गुळाच्या पाण्यात! कुणाला पत्ता नाही. पोळी लाटली, चौकोनी शंकरपाळ्यांसारख्या कापल्या, वर खसखस दाबली आणि बारीक आचेवर तळायला घेतल्या. सुनेला शेजारी उभं केलं. "बघ आता, रंग कसा येतोय. असा आला की काढायची, उरलेला रंग ती बाहेर येऊन घेती." आणि सून बघत होती, मोबाईल बाजूला ठेवून.

आणि त्या कापण्या संपवल्या कुणी? जरा विचार करा. कोलेस्टेरॉल कोण बोलत होतं? डबा लेकीकडे पाठवायचा होता हो आजींना! शेवटी दुसरा घाणा काढावा लागला.

हे झालं रविवारचं. आता मंगळवारचं. मंगळवारी दुपारी वकीलवहिनींच्या दारात टेम्पो. खोकं असं मोठं. मी आपली तुळशीला पाणी घालत होते. "काय आलं?" म्हटलं. "काही नाही, यांचे कागद." कागद! खोक्यावर टोपलीचं चित्र, एवढं ठळक. ज्यांना हेअर ड्रायर दिसला होता त्या!

आणि काल बुधवार. रात्री आठला माझा फोन वाजला. आवाज अगदी दबका. "अहो, एक विचारू? तुम्ही त्या दिवशी मागे होतात ना हात धुवायला? ती नेमकं काय करते हो? माझे तिखटाचे पांढरेच राहतात. दोनदा केले. पीठ उडतंय नुसतं. ह्यांनी तर खोकलायला सुरुवात केली."

म्हटलं, "सुनेलाच विचारा की."

"विचारलं. ती म्हणते, झीरो ऑइल, काकू, फक्त पाच मिनिटं जास्त ठेवा. मी दहा ठेवले! आता दगड झालेत."

बघा म्हणजे. ती बिचारी खोटं बोलत नाहीये, तिला तसंच वाटतंय! आणि जिला माहीत आहे ती कॅलेंडर वाचतेय. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, वहिनी, दोन चमचे शेंगतेल हो, ब्रशनं… पण म्हटलं नको. 'छान रंग आलाय हो' म्हणताना बघितलंय मी त्यांना. आता श्रावण लागतोयच, महिनाभर ते यंत्र तसंही बंद राहील. गणपती होऊ देत. मग बघू, सांगायचं की नाही ते.

तोवर तुमच्या पोटात ठेवा. आणि तुम्ही स्वतः करणार असाल शुक्रवारच्या आत, तर गोड शेवटी, तेल थोडं, टोपली मोकळी. यांचं दार वाजलं वाटतं… हो हो, वहिनी, जेवणं झाली का? आम्ही आपलं जास्वंदीचं बोलत होतो, मावा पडलाय नुसता!